घनफुटाचा दर स्वस्त, छप्पर महाग

पत्राचा सारांश: चोपन्न वर्षांच्या या ताई डोंबिवलीत राहतात. सासरचं घर दापोली तालुक्यात, चिऱ्याच्या भिंतींचं, दुपाखी, कौलारू. यंदाच्या पावसात छप्पर दोन जागी खचलं. दिवाळीनंतर ते उतरवून नवं करायचं आणि खर्च तीन घरांत वाटायचा असं ठरलं आहे : ताईंचे यजमान, पुण्याचे दीर आणि बदलापूरची नणंद. हातात दोन अंदाज आहेत. गावातल्या सुतारांनी वहीच्या पानावर एक ओळ लिहून दिली : "साग ९२ घनफूट, दर ३,२००, मजुरी रोजावर." तालुक्याच्या ठेकेदारानं छापील तक्ता दिला : साग १४३ घनफूट, दर २,६००, मजुरी घनफुटावर. दिरांचं मत असं, की ठेकेदार घनफुटामागं सहाशे रुपयांनी स्वस्त आहे आणि सुतार चाकरमानी बघून दर चढवतो आहे. ताईंना उलटी शंका येते, कारण एकूण रक्कम ठेकेदाराचीच जास्त आहे. या सुतारांच्या वडिलांनीच हे घर बांधलं होतं, त्यामुळे त्यांना सरळ विचारायचा संकोच वाटतो. त्या लिहितात : "दोघांपैकी खोटं कोण बोलतंय ते सांगा. मला गणित येत नाही, आणि वखारीत बाईमाणसाचं ऐकतो कोण?" परसात दोन फणस आणि एक जुना साग आहे. तो तोडून वापरावा का, असंही त्यांनी विचारलं आहे.

ताई,

गणित येत नाही म्हणता, पण पत्रासोबत जो कागद जोडलात त्यावर आढ्याची, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाची लांबी, दोन्ही पाख्यांची, म्हणजे दोन बाजूंच्या उतारांची आडवी रुंदी, वळचणीचा पुढे आलेला भाग आणि भिंतीच्या माथ्यापासून आढ्यापर्यंतची उंची, हे सगळं फूट-इंचांत आहे. ती उंची तुम्ही आतून दोरी सोडून मोजलीत. लाकडाचा अंदाज करायला याहून फार काही लागत नाही. उरतो तो गुणाकार-भागाकार, आणि तो फोनवर होतो.

खोटं कोण बोलतंय, हा प्रश्न मी सध्या बाजूला ठेवतो. दोन माणसं एकाच छपराचे ९२ आणि १४३ असे आकडे देतात तेव्हा एक लबाड असावा असं वाटणं साहजिक आहे. पण दोघांनी एकच गोष्ट मोजली आहे, हे आपण गृहीत धरलेलं असतं. दिरांनी तर त्याच्याही पुढं जाऊन फक्त दर लावून पाहिला. शिंपी शिलाई किती घेतो एवढ्यावरून आपण ड्रेसचा खर्च ठरवत नाही. कापड किती लागणार आणि कुठलं, हेही बघतो. इथं त्या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

आधी आपण आपलाच आकडा काढू. वखारीत चिरलेल्या लाकडाचा हिशोब असा असतो : रुंदी इंचात, गुणिले जाडी इंचात, गुणिले लांबी फुटांत, भागिले १४४. आलं ते घनफूट. एवढं एक सूत्र पाठ असलं तरी पुरे.

तुमचं आढं ३६ फूट लांब आहे. वळचण धरून एका पाख्याची आडवी रुंदी १४ फूट आणि उंची ८ फूट, म्हणजे उतारावरची लांबी १६ फूट आणि वर दीड इंच. आढ्यापासून वळचणीपर्यंत उतारावर टाकायचं लाकूड म्हणजे वासा. कापाकापीला थोडं ठेवून तो साडेसोळा फुटांचा धरू. दोन वाशांत दोन फुटांचं अंतर ठेवलं तर ३६ फुटांत १८ गाळे पडतात आणि वासे १९ लागतात. तो एकोणिसावा वासा विसरल्यामुळे कित्येक अंदाज चुकतात. दोन्ही पाख्यांचे मिळून ३८. सुतारांनी वासा चार बाय अडीच इंचांचा धरला आहे, हे तुम्ही फोनवर विचारून कळवलंत, फार बरं केलंत. ४ गुणिले अडीच गुणिले साडेसोळा, भागिले १४४, म्हणजे एका वाशाला १.१५ घनफुटाच्या जरा आत. ३८ वाशांचे साडेत्रेचाळीस.

वाशांवर आडव्या ठोकायच्या, कौलं टेकतात त्या पट्ट्या म्हणजे रिपा. त्यांचं गणित कौलावर अवलंबून असतं. मंगलोरी कौलाला रिपांमधलं अंतर साधारण साडेबारा इंच पडतं. ज्या कारखान्याचं कौल घेणार त्याचं एक कौल आधी आणून मोजावं, कारण मापं सारखी नसतात. एका पाख्याला १७ ओळी, दोन्हींच्या ३४, प्रत्येक ३६ फूट : एकूण १,२२४ धावते फूट. दोन बाय एक इंचाची रीप धरली तर हे १७ घनफूट झाले. सहा बाय तीनचं आढं साडेचार. दोन्ही भिंतींच्या माथ्यावर टाकायची पाच बाय तीनची आडवी लाकडं साडेसात. पाख्याच्या मधोमध वाशांना टेकू देणाऱ्या सहा बाय चारच्या दोन तुळया बारा. तुमच्या आडव्या भिंती आढ्यापर्यंत गेल्या आहेत, म्हणून कैच्यांचा, म्हणजे आढं पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांचा खर्च नाही. ते नशीब समजा.

एकूण साडेचौऱ्याऐंशी घनफूट. सुतारांनी ९२ सांगितले. म्हणजे तुटीफुटीला आणि कापकामाला त्यांनी सुमारे नऊ टक्के धरले. एका ओळीच्या त्या कागदामागं पूर्ण हिशोब होता, फक्त त्यांनी तो लिहिला नाही. न लिहिण्याबद्दल त्यांना नावं जरूर ठेवा.

आता ठेकेदाराचा तक्ता. त्यानं वासा पाच बाय तीनचा आणि पूर्ण अठरा फुटांचा धरला आहे. तेवढ्यानं वासेच सव्वाएकाहत्तर घनफुटांवर गेले. रीप दोन बाय दीडची, म्हणून सतराचे साडेपंचवीस झाले. आढं आठ बाय चारचं, आठ घनफूट. भिंतीवरची लाकडं आणि मधल्या तुळया दोघांच्याही सारख्याच. बेरीज सव्वाशेला पाऊण कमी, आणि त्यावर १५ टक्के घट. आले १४३. यातही खोटं काही नाही. सगळं छापून दिलं आहे, फक्त कुणी वाचलं नाही.

वाचल्यावर मात्र दोन गोष्टी खटकतात. अठरा फुटी वासा घेतला, की दीड फुटाचा तुकडा वाया जाणार हे त्यात आलंच. तीच घट पुन्हा १५ टक्क्यांत मोजली आहे. त्या १५ टक्क्यांची किंमत त्याच्याच दरानं अठ्ठेचाळीस हजारांवर जाते, तेव्हा "वासे पूर्ण लांबीचे धरले आहेत तर त्यांच्यावर घट कशाची?" हा प्रश्न विचारायला लाजू नका. सगळ्या लाकडावर एकच टक्का लावणं हीच मुळात आळशी पद्धत आहे. रिपांना घट जास्त येते, कारण जोड वाशावरच यायला हवा. आढ्याला आणि तुळयांना जवळपास येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जाडी. पाच बाय तीनचा वासा मजबूत असतो, प्रश्नच नाही. पण मधे तुळई असताना वासा खरं तर आठ-आठ फुटांचाच होतो. तुमच्या जुन्या वाशांचं माप काय होतं ते एकदा टेप लावून बघा. ते चार बाय अडीचच्या आसपास असतील आणि इतकी वर्षं कौलांचा भार घेऊन मधे झुकले नसतील, तर त्याहून चांगली साक्ष कुठली? भारही काही थोडका नाही. तुमच्या छपराला सोळाशेच्या वर कौलं लागतील, म्हणजे सुक्या कौलांचेच साडेतीन-चार टन, आणि पावसात भिजल्यावर आणखी. जाडी वाढवायची कुणाची इच्छा असेल तर त्यानं कारण सांगावं. "आजकाल असंच करतात" हे कारण धरू नका.

वाऱ्याचं कारण सांगितलं गेलं तर ते मात्र ऐका. तुमच्या भागानं ३ जून २०२०चं निसर्ग चक्रीवादळ पाहिलं आहे. वादळात छप्पर वाकत नाही, उचललं जातं. त्याला जाड वासा फारसा कामाचा नाही. वासा भिंतीवरच्या लाकडाला आणि ते लाकूड भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी आणि बोल्टांनी जखडलेलं असणं कामाचं. दोन्ही अंदाजांत त्याचा उल्लेख नाही. घर खाडीच्या किंवा समुद्राच्या तोंडावर असेल तर एखाद्या इंजिनिअरला थोडे पैसे देऊन हे एवढं तपासून घ्या.

आता दर. ३,२०० आणि २,६०० हे एकाच मालाचे दर आहेत का? "साग" म्हटलं की आपण थांबतो, पण वखारीत ती सुरुवात असते. आपल्याकडचा नावाजलेला साग चंद्रपूर-गडचिरोलीकडचा, ज्याला बाजारात अजून सीपी (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे जुना मध्य प्रांत) म्हणतात. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं ते याच पट्ट्यातलं. दुसरा साग कांडला बंदरात उतरतो, घाना, आयव्हरी कोस्ट, इक्वेडोर अशा देशांतून. तो बहुतेक लागवडीचा, कमी वयाचा असतो आणि म्हणून त्यात बाहेरचा पांढुरका भाग जास्त निघतो. टिकतो तो गाभा. पांढऱ्या भागाला वाळवी आणि भुंगा सोडत नाहीत, मग झाड कुठल्याही देशातलं असो. आयात साग वाईट असतो असं मी म्हणत नाही. चांगला निवडला तर वाशांना तो उत्तम चालतो. पण सीपी सागाच्या शेजारी ठेवून "सहाशेनं स्वस्त" म्हणू नये. लेखी घ्या : कुठला साग, पांढरा भाग किती चालेल, गाठी किती, भेगा किती.

लांबीचंही तसंच आहे. अठरा फुटी सरळ लाकडाचा घनफुटाचा दर आठ-नऊ फुटी लाकडापेक्षा बराच चढा असतो. तुमच्या छपराला मधली तुळई आहे, तेव्हा वासा त्या तुळईवर जोडता येतो. जुन्या घरांत असे जोड सर्रास दिसतात. सुतार हाताचा चांगला असेल तर हा पर्याय नक्की विचारा.

आणि इंच-सुतांकडे बघा. हे सगळ्याच वाचकांसाठी सांगतो, कारण इथं सर्वांत जास्त पैसा मुकाट्यानं जातो. इंचाची आठ सुतं. दोन बाय एक म्हणून बिल लागलेली रीप हातात घेऊन मोजली तर पुष्कळदा पावणेदोन बाय पाऊण भरते. दोन्हीकडे दोनच सुतं कमी, डोळ्याला दिसतही नाहीत. पण गुणाकार केला तर लाकूड दोनतृतीयांशाच्या आतच आलेलं असतं. सतरा घनफुटांचे पैसे देऊन हातात अकराच्या वर थोडं. थोडीफार घट खरी असते : करवतीचं पातं प्रत्येक कापाला काही मिलिमीटर भुसा करतं, रंधा मारला की आणखी जातं. म्हणून ठरवताना विचारायचं, की माप चिरण्याआधीचं, चिरल्यानंतरचं, की रंधल्यानंतरचं? छपरातल्या रिपांना चारी बाजूंनी रंधा मारायची गरजही नसते. चिरल्यानंतरचं माप धरायचं ठरवा, माल उतरताना टेप घेऊन उभ्या राहा आणि ढिगातल्या कुठल्याही दहा रिपा मोजा. तुम्ही मोजता हे एकदा दिसलं, की पुढचा ढीग बरोबर येतो. वखारवाला बाईमाणसाचं ऐकत नसेल, पण टेप बाईच्या हातातला असो की बुवाच्या, सारखंच दाखवतो.

सुतारांचा आकडा नक्की चिरलेल्या लाकडाचाच आहे ना, हेही एकदा विचारून घ्या. माझा अंदाज तसाच आहे, कारण बेरीज जुळते. पण काही जण ओंडका घेऊन गिरणीवर चिरून आणतात, आणि ओंडक्याचं घनफूट वेगळं. तिथं घेर मोजतात, त्याचा चौथा भाग घेतात, त्याचा वर्ग करून लांबीनं गुणतात. चार फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ओंडका या रीतीनं दहा घनफूट भरतो. प्रत्यक्षात त्यात पावणेतेरा घनफुटांच्या जवळपास लाकूड असतं. ही सूट मेहेरबानी म्हणून मिळत नाही. साल आणि गोलाईचे कडेचे तुकडे चिरताना जायचेच आहेत, ते व्यापारानं आधीच गृहीत धरले आहेत. तरीही त्या दहा घनफुटांतून चौकोनी लाकूड सहा-सात घनफूट हाती येईल असं धरावं, ओंडका वाकडा किंवा पोकळ निघाला तर त्याहून कमी. वर चिराई, हमाली, वाहतूक. नवख्या माणसानं घरासाठी ओंडके घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. वनखात्याच्या डेपोतले लिलाव घनमीटरवर चालतात, आणि एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. तिथला दर ऐकून कुणी वखारवाल्याला लुटारू ठरवू नये, इतकंच.

याच ओघात परसातल्या झाडांचं. साग, फणस, आंबा, ऐन, किंजळ ही झाडं १९६४च्या झाडतोडीच्या कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या जागेतली असली तरी तोडायला परवानगी लागते, आणि लाकूड गिरणीपर्यंत न्यायला वाहतुकीचा परवाना. ते सगळं झालं तरी ओलं लाकूड याच हंगामात छपरावर चढवता येणार नाही. वाळताना ते आकसतं, पिळतं, आणि मग कौलं हलतात. दिवाळीनंतर काम काढायचं तर हा साग आत्ता उपयोगाचा नाही. पुढं कधी दारं-खिडक्या करायच्या झाल्या तर बघता येईल. फणस राहू द्या.

मजुरीबद्दल पत्रात तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मला ती महत्त्वाची वाटते. ठेकेदाराची मजुरी घनफुटावर आहे. म्हणजे लाकूड जितकं जास्त तितकी त्याची मजुरी जास्त. त्यानं मुद्दाम वाढवलं असं मी म्हणणार नाही, पण लाकूड वाचवण्यात त्याचा काही फायदा नाही हे उघड आहे. सुतारांची मजुरी रोजावर, तिथं काम लांबण्याची भीती. दोघांनाही सांगून बघा, की मजुरी छपराच्या क्षेत्रफळावर ठरवू. तुमची दोन्ही पाखी मिळून उतारावर सुमारे ११६० चौरस फूट भरतात. हा आकडा कुणाच्या सोयीनं वाढत-घटत नाही. त्यात जुनं छप्पर उतरवणं, कौलं धुऊन वेगळी करणं, परत चढवणं आणि आढ्यावरचे कोने (माथा झाकणारी कौलं) बसवणं धरलं आहे की नाही, ते लिहून घ्या.

एवढं झाल्यावर मला तुमच्या आणखी एका गृहीताकडे यायचं आहे, जे दोन्ही अंदाजांनी आणि तिन्ही घरांनी तपासलेलं नाही. सगळं छप्पर नवं करायचंच असं कुणी ठरवलं? खचलं ते दोन जागी. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत वळचणीकडची टोकं कुजलेली दिसतात, आणि जिथं कौल फुटून वर्षानुवर्षं पाणी मुरलं तिथले तीन-चार वासे. जुन्या छपरांचं हे नेहमीचं दुखणं : टोकाचा फूट-दीड फूट जातो, मधलं लाकूड ठणठणीत असतं. छप्पर उतरवल्यावर प्रत्येक वासा स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा, विशेषतः भिंतीत गेलेला भाग. टोक सहज आत जात असेल तर लाकूड गेलं. हातोडीनं वाजवलं आणि पोकळ वाजलं तर आत वाळवी. बाकीचे बाजूला काढा. कुजकं टोक कापून उरलेला वासा तुळईपर्यंतच्या जोडवाशाला येईल, नाहीतर चिरून रिपा निघतील. तुमचे यजमान म्हणतात त्याप्रमाणे ते लाकूड गावच्याच जुन्या सागाचं असेल, तर वाळण्याची, आकसण्याची त्याची सगळी नाटकं कधीच संपलेली आहेत. निम्मे वासे जरी वाचले तरी वीस-बावीस घनफूट कमी घ्यावे लागतील.

आणि जुनं लाकूड नेणार कोण? याबद्दल दोन्ही अंदाज गप्प आहेत. ठेकेदार सहसा "मलबा आम्ही उचलू" असं सांगतात तेव्हा त्या मलब्यात जुनं सागवानही जातं, आणि त्याला बाजार आहे. उतरवलेलं लाकूड तुमचं, हे एक वाक्य करारात हवं.

पर्यायांचं म्हणाल, तर लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि त्यावर कौलं, हे आता गावोगावी दिसतं. खर्च कमी, वाळवी नाही. पण खाऱ्या हवेत गंज धरतो आणि रंगाकडे दुर्लक्ष झालं की आतून सडतो. बंद घराला मी ते सुचवणार नाही. तुमचं घर वर्षातले दहा महिने बंद असतं. त्यापेक्षा सागाचा हट्ट थोडा सैल करा. आढं, तुळया, भिंतीवरची लाकडं सागाची ठेवा. वाशांना ऐन किंवा किंजळ चालेल, जड असतं आणि खिळा मारायला त्रास देतं, पण कोकणातली किती घरं त्यावर उभी आहेत. रिपांना तर साग हवाच असं अजिबात नाही. पोफळीच्या रिपांवर कौलं पिढ्यान् पिढ्या बसली, फक्त त्या सागाइतकी वर्षं काढत नाहीत हे मान्य करून घ्यायच्या. चढवण्यापूर्वी सगळ्याला, निदान भिंतीत जाणाऱ्या टोकांना, काजूच्या टरफलाचं तेल किंवा वाळवीचं औषध लावून घ्या. ते अंगावर उडू देऊ नका, कातडी भाजते.

दिरांशी कसं बोलायचं? सुतार प्रामाणिक आहेत असं सिद्ध करायला जाऊ नका, त्यात भांडण आहे. एका कागदावर दोन रकाने करा : सुतारांच्या मापांनी ९२ घनफूट त्यांच्याच दरानं २,९४,४०० रुपये, आणि ठेकेदाराच्या मापांनी १४३ घनफूट त्याच्या स्वस्त दरानंही ३,७१,८००. म्हणजे त्यांच्या लक्षात येईल, की दरातल्या फरकापेक्षा मापातला फरक मोठा आहे. "भाऊजी, वासा किती जाडीचा हवा ते आधी ठरवू, मग दोघांकडून त्याच यादीवर दर मागवू," एवढं म्हणा. यादी तुमची असेल तर दर कुणाचाही चालतो. त्यात प्रत्येक तुकड्याचं नाव, माप, लांबी, नग, लाकडाची जात, आणि दर जीएसटी व वाहतूक धरून की सोडून, हे असावं. आणि दीर म्हणतात तसं चाकरमान्याला दर चढवून सांगणं होतच नाही असं नाही. होतं. पण त्याची पारख शेजारच्या दोन गावांतल्या वखारींत त्याच मालाचा दर विचारून होते, माणूस गावचा आहे एवढ्यावरून होत नाही.

सुतारांना विचारायचा संकोच मला कळतो. वडिलांनी बांधलेल्या घराचं छप्पर मुलगा करतो आहे, त्याच्याकडे हिशोब मागणं म्हणजे अविश्वास, असं तुम्हाला वाटतं. त्यांना तसं वाटेलच असं नाही. "तुमचा आकडा मी मोजून पाहिला, साडेचौऱ्याऐंशी येतो, वरचे तुम्ही कशाचे धरलेत?" असं विचारणारी मालकीण त्यांना फारशी भेटली नसेल. उत्तर द्यायला ते बसतील, चहा मागतील आणि बहुधा तुमची एखादी चूकही काढतील. ती काढू द्या.

वेळेचं एक. मार्च-एप्रिलमध्ये सगळं कोकण छपरावर चढलेलं असतं, तेव्हा माल वखारीत मिळतो तसा घ्यावा लागतो आणि सुतार हाती लागत नाही. लाकूड नोव्हेंबरमध्येच घ्या, पडवीत सावलीला, जमिनीपासून वर, थरांमध्ये पट्ट्या घालून रचा आणि दोन महिने वाळू द्या. छप्पर जानेवारी-फेब्रुवारीत उतरवा.

आणि हो, पडवी. फोटोत घराच्या पुढं-मागं पडवी दिसते, पण तुमच्या मापांत ती नाही, सुतारांच्या ९२ मध्ये नाही आणि ठेकेदाराच्या १४३ मध्येही नाही. मुख्य छपराची वळचण पडवीच्या माथ्यावर येते, त्यामुळे एक उतरवलं की दुसऱ्याला हात लागणारच. पुढच्या खेपेला गेलात की तिची लांबी, रुंदी आणि उतार मोजून आणा. उतार फार कमी भरला तर कौलांखालून पाणी मागं येतं, तेव्हा तिथं उंची वाढवता येते का हे सुतारांना त्याच वेळी विचारा.